पाच ओळींची वही



आज मी तुम्हाला एक कबुली देणार आहे. कबुली म्हणजे काय, हे काही तुम्हाला शिकवायला नको. वर्गातली काच फुटते, सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग एक जण हळूच हात वर करून म्हणतो, "बाई, माझ्याकडून फुटली." ती कबुली! आज हात वर करायची पाळी माझी आहे.

मी चेंबूरला राहते आणि इथल्याच एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. "खरं बोलावं, खरं लिहावं," हे वाक्य दिवसातून एकदा तरी माझ्या तोंडून जातंच. आणि अशी ही मी एके दिवशी भर वर्गात, पस्तीस मुलांसमोर, चक्क खोटं बोलले. तेही पुस्तकाबद्दल!

त्याचं असं झालं.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. २०२४ साली त्या दिवशी मी शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं मुलांना वाटली. वर्ग कधी नव्हे तो चिडीचूप झाला. तासाभराने मी फळ्यावर लिहिलं, 'वाचलेल्या पुस्तकाविषयी पाच ओळी लिहा.'

मग वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या वहीत होतं, 'हे पुस्तक मला खूप आवडले. यातून चांगला बोध मिळतो.' बरोबरची खूण केली. दुसऱ्या वहीतही तेच. तिसऱ्या वहीतही तेच. पुस्तकं निरनिराळी, पण मत सगळ्यांचं एकच! आणि मी आपली बरोबर, बरोबर करत चालले होते.

एवढ्यात एक वही वेगळी निघाली. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची. त्यानं लिहिलं होतं, 'मला हे पुस्तक आवडलं नाही. त्यात सगळी मुलं शहाणीच आहेत. मी नवव्या पानावर थांबलो.' झालं! तीनच ओळी. मी काय केलं असेल? लाल पेनानं खाली शेरा मारला, 'पुन्हा लिही.'

त्यानं वही घेतली, शेरा वाचला आणि तिथंच उभा राहिला. मला वाटलं, आता हा रडतोय की काय. पण नाही. त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "बाई, तुम्ही आता कुठलं पुस्तक वाचताय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

खरं उत्तर काय होतं सांगू? 'कुठलंच नाही.' पाठ टाचणं, निकालपत्रकं, मोबाइलवर येणारे निरोप आणि संगणकावर भरायची माहिती, एवढंच माझं वाचन. पुस्तक म्हणावं असं शेवटचं कधी वाचलं, तेसुद्धा आठवत नव्हतं. पण हे चौथीच्या वर्गासमोर कसं म्हणणार? मी पटकन म्हणाले, "लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'."

"किती पानं झाली?"

"शंभर."

"त्यात काय आहे, बाई?"

आणि मधल्या सुट्टीची घंटा वाजली! मित्रांनो, घंटेचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं. 'स्मृतिचित्रे'तला एक उतारा मी कधीतरी शाळेत असताना वाचला होता, तेवढाच. बाकीचं पुस्तक मी उघडूनही पाहिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंना वाचायची आवडच नसेल. पण तसंही नाही बरं का! तेच तर मला जास्त लागलं. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मी पाचवीत होते तेव्हा आम्ही चेंबूरलाच एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत राहत होतो. बाबा कारखान्यात नोकरीला. दर वर्षी त्यांना कुठून तरी एक-दोन डायऱ्या मिळायच्या. नवी डायरी हिशेबाला आणि जुन्या वर्षाची कोरी राहिलेली माझ्या वाट्याला. त्यामुळे माझ्या डायरीत सगळाच गोंधळ असायचा. वर छापलेला मंगळवार आणि खाली माझा शनिवार! शनिवारी बाबा मला वाचनालयात न्यायचे. पुस्तक वाचून झालं की मी त्याबद्दल डायरीत लिहायची. पुढं पुढं मी स्वतःच्या गोष्टीही लिहायला लागले. पाचवीत पेन्सिलीनं लिहिलं. सातवीत बाबांनी शाईचं पेन दिलं, मग काय, ऐटीत निळ्या शाईनं. बारावीत गेले तेव्हा अशा सात डायऱ्या भरल्या होत्या. त्या सगळ्या खाटेखालच्या ट्रंकेत होत्या.

आणि आली २६ जुलै २००५.

मुंबईत राहणाऱ्या तुमच्या आईबाबांना ही तारीख विचारून बघा. प्रत्येकाकडे एक गोष्ट असेल. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. म्हणजे जवळजवळ एक मीटर! जमिनीत मुरला नसता, वाहून गेला नसता, तर तुमच्यापैकी कित्येकांच्या छातीपर्यंत आला असता. गंमत म्हणजे त्याच दिवशी तिकडे कुलाब्याला ७३ मिलिमीटरच पडला. एकाच शहरात एवढा फरक!

दुपारी अंगणात पाणी आलं. चार वाजता उंबरठा ओलांडून खोलीत आलं. आईनं तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, मी गॅसची शेगडी उचलली. मग धाकट्या भावाला घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. बाबा रात्री आलेच नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले, रेल्वेच्या रुळांवरून चालत. त्यांना दारात बघितल्यावर आई जी रडली, ते मी अजून विसरले नाही.

ट्रंकेची आठवण झाली ती त्यानंतर. उघडली तर आत पाणीच पाणी. डायऱ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. पान सोडवायला गेलं की फाटत होतं. आणि निळी शाई... ती धुऊन गेली होती. पानापानावर नुसते फिकट निळे ढग. अक्षर एक नाही.

त्या रात्री कितीतरी घरांतली माणसं गेली. आमच्या घरातली सगळी सुखरूप होती. त्यामुळे डायऱ्यांसाठी रडायची मला लाज वाटली. चिखलात भिजलेल्या गाद्यांबरोबर मी त्या बाहेरच्या ढिगावर ठेवून दिल्या. मनात एकच आलं, सात वर्षांचं लिहिलेलं एका रात्रीत गेलं, मग लिहायचं कशाला?

मला लिहू नको असं कुणीही म्हटलं नाही. मी आपणच थांबले. बारावी झाली, डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. लिहिणं गेलं, त्याच्या पाठोपाठ हळूहळू वाचणंही गेलं. बाबा गेल्यावर तर शनिवारचं वाचनालय कायमचंच सुटलं.

तर मंडळी, आता परत त्या १५ ऑक्टोबरकडे येऊ.

शाळा सुटल्यावर मी घरी न जाता थेट वाचनालय गाठलं. नाव नव्यानं नोंदवलं, अनामत रक्कम भरली. टेबलामागच्या काकांनी विचारलं, "कोणतं पुस्तक देऊ?" मी म्हणाले, "स्मृतिचित्रे. आणि जरा लवकर द्या!" काका हसले. त्यांना काय माहीत, ही बाई उद्याच्या तासाला घाबरून पळत आली आहे!

रात्री जेवणं झाल्यावर बावीस पानं वाचली. मग भाच्याची अर्धी कोरी वही घेतली आणि एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा, परीक्षेसाठी नव्हे, टाचणासाठी नव्हे, आपल्यासाठी लिहायला बसले. अर्धा तास काही सुचेना. मुलांना मी किती सहज सांगते, 'पाच ओळी लिहा'! मग ठरवलं, आपणही पाचच ओळी लिहायच्या. पण एक अट. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. त्या वहीतलं पहिलं पान हे असं आहे :

*१५ ऑक्टोबर २०२४. आज मी वर्गात खोटं बोलले. जे पुस्तक वाचत नव्हते, ते वाचतेय म्हणाले. आता बावीस पानं वाचली आहेत. पुस्तक अवघड असेल असं वाटलं होतं, पण दोनदा मोठ्यानं हसले. मुलाला 'पुन्हा लिही' म्हटलं, ते बरोबर केलं का?*

दुसऱ्या दिवशी वर्गात मी 'स्मृतिचित्रे'बद्दल सांगितलं. सगळं खरं सांगितलं, पण शंभर पानांचं मात्र गिळून टाकलं. वहीत लिहिलं होतं ते तोंडानं म्हणायला धीर झाला नाही.

चार दिवसांनंतरचं पान बघा :

*१९ ऑक्टोबर. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं एवढं कडक, की बाजारातून घरी आलेलं सामानसुद्धा धुऊन घ्यायचं. वर्गात सांगितलं तर पोरं खो खो हसली. लक्ष्मीबाईंचं बालपण त्यात होरपळलं, तरी त्या रागावून लिहीत नाहीत. हसत हसत सांगतात, आणि मग आपल्यालाच वाईट वाटतं. हे कसं करतात?*

मित्रांनो, या लक्ष्मीबाईंबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. त्यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेत त्या गेल्याच नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालं. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचे पती म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झालं १९३४ ते १९३६ या काळात, चार भागांत. म्हणजे तेव्हा लक्ष्मीबाईंचं वय पासष्टीच्या पुढं! मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात. आणि भाषा म्हणाल तर अगदी घरातली, स्वयंपाकघरात बसून बोलावं तशी. पासष्टीला लिहिता येतं, मग छत्तिसाव्या वर्षी 'आता काय लिहायचं' म्हणणारी मी कोण?

दिवाळीच्या आधी एक घटना घडली. साफसफाई चालली होती. मी आईकडे गेले होते. माझं नवं वहीचं वेड तिला कळलं होतं. तिनं काही न बोलता कपाटाच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. माझी पाचवीतली डायरी! २००५ साली मी ढिगावर ठेवलेल्या डायऱ्यांतली ही एक आईनं परत उचलून आणली होती. पत्र्यावर वाळवली होती. बाकीच्या वाचण्यासारख्या राहिल्याच नव्हत्या, पण हिची अक्षरं शाबूत होती. का, सांगा बरं? कारण ती पेन्सिलीनं लिहिली होती! माझ्या पेनातली निळी शाई पाण्यात विरघळली. पेन्सिलीच्या कांडीत असतं ग्रॅफाइट. ते पाण्यात विरघळत नाही. पान वाळलं की अक्षर जागच्या जागी.

"तेव्हाच का नाही दिलीस?" मी विचारलं.

"तू मागितली नाहीस," आई म्हणाली.

पानं पिवळी, कडा वाकड्या. एका पानावर एका कुत्र्याच्या गोष्टीबद्दल लिहिलं होतं, 'गोष्ट आवडली. कारण कुत्रा मरत नाही. मी शेवटचं पान आधी बघितलं होतं. नाहीतर वाचलीच नसती.' वाचून मी गप्प झाले. पाचवीतल्या त्या मुलीनं काय खरं लिहिलं होतं! बोध नाही, तात्पर्य नाही. आणि तिसऱ्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्यानं तरी याहून वेगळं काय लिहिलं होतं? 'मी नवव्या पानावर थांबलो.' त्याला मी लाल शेरा दिला होता.

आता तुम्हाला वाटेल, झालं, बाई रोज लिहायला लागल्या. छे! नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. शिक्षकांना निवडणुकीचं काम असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रशिक्षण, मग २० नोव्हेंबरला मतदान, पहाटेपासून रात्रीपर्यंत. नंतर साठलेल्या वह्या तपासायच्या. वही बंद पडली ती पडलीच. १ डिसेंबरला तिच्यावर धूळ दिसली तेव्हा मनात पुन्हा तेच जुनं आलं, गेलं सगळं, आता कशाला! पण या वेळी मी पेन उचललं. पेन कसलं, पेन्सिल :

*१ डिसेंबर. तीन आठवडे काही वाचलं नाही. काही लिहिलं नाही. कारण दमले होते. आज चार पानं वाचली. एवढंच.*

ही पाच ओळींचीच नोंद आहे, पण माझ्या मते वहीतली सगळ्यांत महत्त्वाची. पहिल्यांदा लिहायला लागणं सोपं असतं, नवी वही असते, उत्साह असतो. खंड पडल्यावर परत लिहिणं खरं अवघड. आणि एक सांगू? राहिलेले दिवस भरून काढायच्या फंदात पडायचं नाही. तिथंच माणूस कंटाळतो. आजच्या तारखेपासून लिहायचं, बस्स!

जानेवारीत मी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचलं. हे विष्णुभट गोडसे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पेणजवळच्या वरसईचे. घरची गरिबी. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर १८५७ साली निघाले. आणि नेमके सापडले सत्तावन्नच्या उठावात! इंग्रजांनी झाशीवर हल्ला केला तेव्हा हे झाशीतच होते. लुटले गेले, उपाशी राहिले. तरीही येताना आईवडिलांसाठी गंगेचं पाणी घेऊन घरी पोचले. पण ही हकिकत त्यांनी कागदावर उतरवली ती कधी? १८८३ साली! चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह केला म्हणून. म्हणजे मध्ये पंचवीस वर्षं गेली. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, तेव्हा भटजी हयातही नव्हते.

*१८ जानेवारी २०२५. भटजी पंचवीस वर्षं थांबले. मी एकोणीस. त्यांनी झाशीचं लिहिलं, मला निदान आमच्या चाळीचं लिहिता येईल. पण आईला विचारायला हवं. पाणी किती वाजता आलं, वरच्या काकूंनी रात्री काय खायला दिलं, मला आठवत नाही. त्या दिवशी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर!*

पुढच्या रविवारी आईला विचारलं. पिठलं-भात. वरच्या काकूंनी तीन खोल्यांतल्या चौदा माणसांना पिठलं-भात घातला होता. असं बारीक सारीक विचारत विचारत मी २६ जुलैची गोष्ट लिहायला लागले. पाच ओळींच्या पाच पानं कधी झाली, कळलंच नाही.

फेब्रुवारीत ॲन फ्रँकची रोजनिशी हातात आली. तुमच्यातल्या मोठ्यांनी ती जरूर वाचावी. १२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी, ॲनला एक डायरी मिळाली. महिनाभरातच नाझींपासून जीव वाचवण्यासाठी तिच्या कुटुंबाला ॲमस्टरडॅममध्ये एका इमारतीच्या मागच्या भागात लपावं लागलं. दोन वर्षं ती तिथून बाहेर पडली नाही आणि दोन वर्षं लिहीत राहिली. मार्च १९४४ मध्ये तिनं रेडिओवर ऐकलं, की युद्ध संपल्यावर लोकांच्या रोजनिशा आणि पत्रं गोळा करणार आहेत. मग काय केलं तिनं? आपली सगळी डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली! ४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. ॲन परत आली नाही. १९४५ साली छळछावणीतच ती गेली. पण तिचे कागद मीप गीस नावाच्या बाईंनी जमिनीवरून गोळा केले आणि न वाचता खणात जपून ठेवले. १९४७ साली तिच्या वडिलांनी ते प्रसिद्ध केले.

*९ फेब्रुवारी. लिहिणारी एक असते आणि जपणारी दुसरी. मीपबाई वाचताना सारखी आई आठवत होती. तिला मी अजून 'थँक्यू' म्हटलेलं नाही. आज फोन केला. ती म्हणाली, "त्यात काय एवढं!"*

आणि मग उजाडला २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. कवी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. वर्गात प्रत्येकानं काहीतरी वाचून दाखवायचं होतं. मुलं म्हणाली, "बाई, तुम्हीपण!" मी माझी वही शाळेत नेलीच होती. गोडसे भटजींचं पान वाचायचं असं ठरवून मी ती उघडली. एक मुलगी म्हणाली, "पहिल्यापासून वाचा ना, बाई."

पहिल्यापासून! मी पहिलं पान काढलं. तुम्हाला माहीतच आहे त्यावर काय होतं. क्षणभर वाटलं, ही ओळ गाळावी. कुणाला कळणार आहे? पण मग ती वही कसली आणि मी तरी बाई कसली!

मी वाचलं, "आज मी वर्गात खोटं बोलले."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी सगळं वाचलं. शंभर पानांचं सांगितलं, घंटेचं सांगितलं, धावत वाचनालयात गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता ही मुलं पुन्हा माझं ऐकणार नाहीत. पण तिसऱ्या बाकावरचा तो उठला आणि म्हणाला, "म्हणजे बाई, त्या दिवशी मी खरं लिहिलं होतं, आणि तुम्ही खोटं बोलला होता?"

"हो," मी म्हणाले. "अगदी बरोबर."

त्यानं वही पुढं केली. मी लाल शेऱ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'नवव्या पानावर का थांबलास, ते छान सांगितलंस.' तो वाचून म्हणाला, "पण बाई, मी ते नंतर पुरं केलं. शेवटी एक मुलगा खोडकर निघतो." सगळा वर्ग हसला. मीसुद्धा.

त्यानंतर आमच्या वर्गात 'पाच ओळींची वही' सुरू झाली. आणि 'यातून चांगला बोध मिळतो' हे वाक्य लिहायला आम्ही सर्वानुमते बंदी घातली! आता एक मुलगी लिहिते, 'राक्षस बिचारा एकटाच राहत होता.' दुसरा लिहितो, 'चित्रं चांगली, पण गोष्ट आजीनं सांगितलेली जास्त चांगली.' ही मतं त्यांची आहेत. पस्तीस मुलं, पस्तीस मतं. तपासायला वेळ लागतो, पण कंटाळा म्हणून येत नाही.

एकदा एका मुलानं विचारलं, "बाई, आमच्या घरी पुस्तकंच नाहीत. मग मी कसं लिहू?" मी त्याला आपल्या शेजारच्या घाटकोपरची गोष्ट सांगितली. तिथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे राहत होते. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, १९२० साली जन्मलेला हा मुलगा शाळेत जेमतेम दीड दिवस टिकला. आईवडिलांबरोबर चालत चालत मुंबईला आला. इथं दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत त्याला अक्षरं लागली. पुढं त्यांनी कथा, कादंबऱ्या, पोवाडे, लावण्या लिहिल्या. १९५९ साली त्यांची 'फकिरा' कादंबरी आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तो मुलगा दुसऱ्या दिवशी पाच ओळी लिहून घेऊन आला. कशाबद्दल? शाळेच्या वाटेवरच्या दुकानांच्या पाट्यांबद्दल! एका पाटीवर शुद्धलेखनाची चूक होती, तीही त्यानं पकडली होती.

२६ मे २०२५ ला मुंबईत मोसमी पाऊस आला. नेहमी तो ११ जूनच्या आसपास येतो, या वेळी दोन आठवडे आधीच! सुट्टी चालू होती. खिडकीतून धो धो पाऊस बघताना पोटात जुना गोळा आला. मी उठले, वही कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली. शेजारी पाचवीतली डायरी. मग पुन्हा खाली काढली, कारण त्या दिवसाच्या पाच ओळी लिहायच्या राहिल्या होत्या!

'एका रात्रीत जातं, तर लिहायचं कशाला?' या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. वही भिजू शकते, हरवू शकते. पण लिहिताना आपण जे खरं काय ते शोधतो, ते शोधायची सवय आपल्याजवळ राहते. मी लिहिणं सोडलं तेव्हा ती सवयही सुटली. म्हणून तर त्या दिवशी इतक्या पटकन खोटं बोलू शकले.

तर मित्रांनो, करणार ना तुम्ही अशी वही? नवी घ्यायला नको. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून घ्या. वर तारीख लिहा. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव लिहा. मग आपल्याला काय वाटलं ते लिहा, एक न कळलेला शब्द लिहा आणि एक प्रश्न लिहा. पुस्तक आवडलं नाही तर 'आवडलं नाही' असंच लिहा, पण का ते सांगा. खंड पडला तर घाबरू नका. आजच्या तारखेपासून पुढं चला.

आणि हो, शक्यतो पेन्सिलीनं लिहा. का ते आता तुम्हाला माहीत आहे!

एक काम मात्र लक्षात ठेवून करा. तुमच्या बाईंना किंवा सरांना उद्या विचारा, "तुम्ही सध्या कुठलं पुस्तक वाचताय?" ते जरा अडखळले, तर हसू नका. आपलं पुस्तक त्यांच्या हातात द्या.

मी मात्र आता तयार आहे. विचारा खुशाल!

तुमची,
चेंबूरची बाई